गुंजभर दारूचे गणित

मुक्ताईनगरहून भुसावळकडे निघाले की वाटेत वरणगाव लागते. इथला आयुध निर्माण कारखाना जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे; आत नेमके काय चालते, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते. १९६४ साली सुरू झालेल्या या कारखान्यात सैन्याच्या रायफलींची काडतुसे तयार होतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसताच पेटणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी असे काडतुसाचे चारच भाग. वस्तू दिसायला इतकी सोपी की घरच्या ओसरीवर बसूनही ती जुळवता येईल, असे कुणालाही वाटावे.

अमेरिकेत, युरोपातल्या काही देशांत आणि दक्षिण आफ्रिकेत अनेक हौशी शिकारी ती खरोखरच घरी जुळवतात. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी उचलून आणायची, जुनी कॅप काढून नवी बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची. मोठ्या शिकारी रायफलीचे तयार काडतूस महाग असते, म्हणून तिकडे हा छंद वाढला. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणे गुन्हा आहे. तरीही ठासणीच्या बंदुका, परवान्याच्या जुन्या रायफली, कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली काडतुसे आणि चोरट्या मार्गाने फिरणारे गावठी कट्टे आपल्या भागात आहेतच. त्यामुळे या चार भागांच्या वस्तूत काय घडते, ती कशी बिघडते आणि शरीरावर काय मागे ठेवते, हे समजून घेण्याजोगे आहे.

पुडी ते पुंगळी

आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत दारू आजही हातानेच भरली जाते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कापडाचा किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, आणि गजाने सगळे ठासायचे. म्हणून तिचे नाव ठासणीची बंदूक. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पिकांच्या राखणीसाठी अशा बंदुकीला परवाना देण्याची तरतूद आहे. केळी, मका, हरभरा यांच्या शेतात रात्री रानडुकरांचा कळप शिरला की काय होते, हे मुक्ताईनगर तालुक्याला सांगावे लागत नाही. त्याच तालुक्यात डोलारखेडा, चारठाणा, वढोदा या भागात वाघांचा वावर आहे. मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र त्यासाठीच जाहीर झाले. म्हणजे केळीच्या बागेत अंधारात जे हलते ते रानडुक्करच असेल, याचीही खात्री नाही.

ठासणीच्या बंदुकीचा मोठा दोष मापात आहे. अंधारात, घाईत, थंडीने आखडलेल्या बोटांनी दारू ओतताना थोडी कमीजास्त होणारच. यावर उपाय म्हणून सैनिकांना मापाची दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधून दिली जाऊ लागली. दाताने पुडी फोडायची आणि दारू नळीत ओतायची. १८५७ च्या उठावाशी जोडले गेलेले एन्फिल्ड रायफलीचे काडतूस ते हेच. त्या कागदावरच्या चरबीचा इतिहास शाळेत सर्वांनी वाचलेला असतो. ती मुळात मापाची पुडी होती, हे सहसा सांगितले जात नाही. ‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘कार्तुश’वरून आला. पुढे कागदाची जागा पितळेने घेतली, पण तत्त्व तेच राहिले. शांत डोक्याने, तराजूवर मोजलेली मात्रा आधीच बंद करून ठेवायची.

हाताने काडतूस भरणारा माणूस ही मोजणी कारखान्याकडून काढून पुन्हा स्वतःच्या हातात घेतो.

कुकरपेक्षा चार हजार पट

स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. मोटारीच्या चाकात तो दोन बारच्या थोडा वर असतो. ‘होलंड अँड होलंड’ या इंग्लिश कंपनीने १९१२ साली आणलेले .३७५ मॅग्नम हे मोठ्या जनावरांच्या शिकारीचे प्रसिद्ध काडतूस. त्याच्यासाठी युरोपीय मानकानुसार जास्तीत जास्त दाबाची मर्यादा ४,३०० बार आहे. कुकरपेक्षा चार हजार पटींहून अधिक. आणि हा दाब नेम धरणाऱ्याच्या गालापासून जेमतेम वीतभर अंतरावर तयार होतो.

बंदुकीतली दारू योग्य परिस्थितीत एकदम फुटत नाही, ती वेगाने जळते. चाप ओढला की घोड्याचा ठोका कॅपवर बसतो, कॅपमधले स्फोटक पेटते, त्याची ज्योत दारूत शिरते. दारूच्या कणांचा वायू होऊ लागतो. वायूने दाब वाढतो, आणि दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते. हे चक्र स्वतःलाच चिथावणी देणारे आहे. त्याला आवर घालते ती पुढे सरकणारी गोळी. ती पुढे गेली की मागे जागा वाढते आणि दाब उतरू लागतो. हा सारा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात संपतो.

याच क्षणी पुंगळी आपले काम करते. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले पितळ दाबाने फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तापलेला वायू मागे, म्हणजे तोंडाकडे येऊ शकत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसते आणि रिकामी पुंगळी सहज बाहेर निघते. फुगणे आणि आक्रसणे या दोन्ही गोष्टी जमणारा, स्वस्त आणि गंजाला टिकणारा धातू म्हणून दीडशे वर्षे पितळच टिकून राहिले.

पण पितळ थकते. प्रत्येक वेळी ते ताणले जाते, पुन्हा साच्यात दाबले जाते आणि दर खेपेस थोडे कडक आणि ठिसूळ होते. एकच तार वारंवार वाकवली की ती तुटते, तसेच हे. पुंगळीच्या बुडाजवळची भिंत आतून पातळ होत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. एके दिवशी ती तिथेच फाटते आणि वायू बोल्टच्या फटींतून मागे उसळतो. पुंगळी किती वेळा वापरली याची नोंद नसेल, तर ती पुन्हा वापरणे हा जुगार असतो.

सोनाराचा काटा

जळगाव सोन्याच्या व्यापारासाठी ओळखले जाते, त्यामुळे काडतुसाचे माप इथल्या वाचकाला लवकर कळेल. जगभर दारू आणि गोळी ‘ग्रेन’मध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याच्या दाण्याचे वजन. आजच्या हिशेबाने सुमारे ६५ मिलिग्रॅम. इंग्रजी अमदानीत ठरलेल्या तोळ्यात बरोबर १८० ग्रेन, आणि तोळ्यात ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज जवळपास दोन ग्रेन. मध्यम शिकारी रायफलीची एक लोकप्रिय गोळी १८० ग्रेनची, नेमकी एक तोळ्याची. हत्ती-गव्यासाठी बनवलेल्या .४७० नायट्रो एक्स्प्रेसची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून थोडी जास्त. ती नळीतून सेकंदाला साधारण साडेसहाशे मीटर वेगाने निघते. तिच्यातली ऊर्जा सत्तर किलोचा माणूस तीन मजल्यांवरून खाली आदळावा एवढी असते.

इतक्या मोठ्या गोळीमागची दारू अर्ध्या तोळ्याच्या आतबाहेर. पिस्तुलाच्या लहान काडतुसात ती तीनेक गुंजाच असते. तिथे एक गुंज जास्त म्हणजे तिसरा हिस्सा जास्त. मोठ्या काडतुसात गुंजभर फरक वजनात लहान दिसतो, पण दाब वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. मर्यादेच्या जवळ दारू एक टक्का वाढली तर दाब साधारण दोन टक्के वाढतो. गोळी थोडी खोल बसली, पुंगळीची भिंत जाड असली, दारूची खेप बदलली, तरी दाब बदलतो. या लहान लहान चुका एकाच दिशेने झाल्या की त्यांची बेरीज होते.

सर्वांत घातक गफलत वजनाची नसून जातीची असते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची जुनी काळी दारू तुलनेने सौम्य दाब देते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. तिच्यात तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त जोर असतो. काळ्या दारूच्या सवयीने माप घेऊन ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू ओतली, तर नळी फुटण्यास दुसरे कारण लागत नाही. उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. दारू घालायचीच राहिली तर एकट्या कॅपच्या जोराने गोळी नळीत थोडी सरकून अडकते. ‘बार फुसका गेला’ म्हणून लगेच दुसरे काडतूस झाडले, की बंद नळीत पूर्ण दाब तयार होतो.

काडतुसांच्या कारखान्यात म्हणूनच प्रत्येक खेपेला क्रमांक असतो आणि तिच्यातले नमुने दाब व वेग मोजणाऱ्या चाचणीच्या नळीतून झाडून पाहतात. नमुना बिघडला तर अख्खी खेप अडवता येते. ओसरीवर चाचणीची नळी नसते. तिथे पहिली चाचणी गालाला लावलेल्या बंदुकीतच होते.

खानदेशातले ऊन

भुसावळचा मे महिना आणि काडतूस यांचाही संबंध आहे. कोणतीही रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेते. तापलेली दारू थंड दारूपेक्षा वेगाने जळते, दाब वाढतो. ब्रिटिशांना हा अनुभव भारतात आणि आफ्रिकेतच आला. त्यांची कॉर्डाइट ही दारू इंग्लंडच्या हवेत ठीक चाले; इथल्या उन्हात तापलेल्या काडतुसातून तोच भार जास्त दाब देई आणि पुंगळी नळीत घट्ट बसे. समोर जखमी जनावर आणि पुंगळी निघत नाही, या प्रसंगाची शिकाऱ्यांना मोठी धास्ती होती. मग ‘कायनॉक’सारख्या कंपन्या उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे विकू लागल्या. कारखान्याने हवामान मोजून मात्रा कमी केली. थंड देशातल्या तक्त्यावरचा आकडा पाहून हाताने भरलेल्या काडतुसाला हे संरक्षण नसते. सावलीत पारा ४५ अंशांवर असताना उन्हात उभ्या बंद गाडीत तो साठीच्या पुढे जातो.

उष्णतेचा दुसरा परिणाम सावकाश होतो. नायट्रोसेल्युलोज नुसते ठेवले तरी हळूहळू विघटित होते. त्यातून आम्लधर्मी वायू निघतात आणि ते वायू उरलेल्या दारूचे विघटन आणखी वाढवतात. हे थांबवण्यासाठी कारखान्यात डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक मिसळतात. तो हे वायू शोषून घेतो. पण स्थिरकही संपतो, आणि उष्णतेत लवकर संपतो. १९०७ मध्ये फ्रान्सच्या तूलाँ बंदरात ‘इएना’ आणि १९११ मध्ये तिथेच ‘लिबेर्ते’ या युद्धनौका अशाच बिघडलेल्या दारूमुळे उडाल्या. त्यानंतर साठवलेल्या दारूच्या नियमित तपासणीला जगभर महत्त्व आले. आजोबांच्या पेटीत, पत्र्याच्या खोलीत तीस-चाळीस उन्हाळे काढलेल्या काडतुसांची तपासणी कुणी केलेली नसते.

पावसाळ्याचीही एक गोष्ट आहे. ब्रिटिश लष्कराच्या भारतातल्या साठ्यांत पावसाळा आला की पितळी पुंगळ्यांना आपोआप भेगा पडत. या रोगाचे नावच ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूची भेग, असे पडले. त्याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी केला. काडतुसे घोड्यांच्या पागेजवळ ठेवली जात. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया पावसाळी दमट हवेत पितळापर्यंत पोचे, आणि साच्यात ओढताना पितळात राहून गेलेल्या ताणाच्या जागी नेमकी भेग पाडी. उपायही सापडला. पुंगळी मंद आचेवर तापवून तिच्यातला ताण काढून टाकायचा. धातुशास्त्राच्या पुस्तकांत आजही हे उदाहरण असते. युरिया खताची पोती आणि गुरांचा गोठा यांच्या शेजारच्या खोलीत काडतुसे ठेवणाऱ्यानेही ते लक्षात ठेवायला हवे.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्रे किंवा दारूगोळा तयार करता येत नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच ठरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीसाठी किमान सात वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबतही वनाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नुकसानभरपाईचा अर्ज हा शेतकऱ्यासाठी बंदुकीपेक्षा सुरक्षित मार्ग आहे.

कायद्याचा कडकपणा समजून घ्यायचा तर कारखान्यांकडे पाहावे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथील आयुध निर्माण कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगारांचा जीव गेला. प्रशिक्षित माणसे, वेगळ्या इमारती, ठरलेली कार्यपद्धती एवढे सगळे असूनही हा पदार्थ माफ करत नाही. घरात तर चूल, विडी, मोबाइलचे चार्जर आणि खेळणारी मुले एकाच छताखाली असतात.

आवाज न करणारे विष

काडतूस नीट चालले, कुणालाही इजा झाली नाही, तरी एक गोष्ट मागे राहतेच, ती म्हणजे शिसे. बहुतेक गोळ्यांचा गाभा शिशाचा असतो आणि बहुतेक कॅपमधल्या स्फोटकातही शिशाचे संयुग असते. बार झाला की त्याची सूक्ष्म धूळ हातांवर, कपड्यांवर आणि श्वासात येते. गोळीबार कुणी केला हे शोधताना न्यायवैद्यक प्रयोगशाळा हातांवर शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांचे कण शोधतात, ते याचमुळे. पोलिसांना जो पुरावा सापडतो, तोच कण शरीरातही जातो.

घरी काडतूस भरणाऱ्याला याचा दुप्पट त्रास. झाडलेल्या पुंगळ्या घासूनपुसून स्वच्छ करताना कॅपची राख उडते. काहीजण शिसे वितळवून गोळ्याही घरीच ओततात. शिसे ३२७ अंशांना, म्हणजे साध्या शेगडीवर वितळते, आणि त्याच्या वर येणाऱ्या राखेत, भांड्याच्या कडांवर, जमिनीवर शिशाची भुकटी साठत जाते. मासेमारीच्या जाळ्यांची वजने ओतणारे आणि जुन्या बॅटऱ्या फोडणारे यांनाही हाच धोका असतो.

शरीर शिशाला ओळखत नाही. ते त्याला कॅल्शियम समजते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण त्यातले बरेच हाडांत जाऊन बसते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. गरोदरपणात किंवा म्हातारपणी हाडे झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरते. रक्त तयार होण्याच्या प्रक्रियेत ते अडथळा आणते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडांना इजा करते. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट असतो आणि तो भरून निघत नाही. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे तिने २०२१ मध्ये सुचवले.

नेमबाजीच्या मैदानांवरील शिशाबद्दलच्या ३६ संशोधनांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी काही नेमबाजांच्या रक्तातले शिसे १० मायक्रोग्रॅमच्या वर होते. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात सुमारे ७४० लोकांच्या तपासणीत शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात इतरांपेक्षा किंचित जास्त शिसे आढळले, कारण वेगाने आदळलेली गोळी मांसात बारीक कणांनी विखुरते. रानात टाकलेल्या अवशेषांतून हेच कण गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातल्या दुर्मीळ काँडोर गिधाडांच्या मृत्यूंमुळे तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे आणि २०२४ मध्ये शिकारी रायफलींच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या.

शिशाच्या विषबाधेची लक्षणे फसवी असतात. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, सांधेदुखी, फिकटपणा. औषधे घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय आणि अधूनमधून पोटदुखी असेल, तर आपण काय काम करतो, घरी काय वितळवतो, हे डॉक्टरांना सांगावे. साध्या रक्ततपासणीतून संशय आला तर रक्तातले शिसे मोजता येते.

गेलेला कान परत येत नाही

शिशाइतकेच गुपचूप होणारे दुसरे नुकसान कानाचे. फटाक्यांसाठी भारतात चार मीटर अंतरावर आवाजाच्या शिखराची मर्यादा १४५ डेसिबल आहे. मोठ्या रायफलीचा आवाज नेम धरणाऱ्याच्या कानाशी १६० ते १७० डेसिबल असतो. डेसिबलचे कोष्टक सरळ चढत नाही. वीस डेसिबल वाढले म्हणजे हवेतला दाब दहापट. १४० च्या वरचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो.

आतल्या कानात गोगलगायीसारख्या नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. धक्क्याने त्या मोडतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच सूर जातात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट कळत नाहीत. घरचे लोक पुटपुटतात असे वाटते. सोबत कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण. बाराच्या दुसऱ्या दिवशी ती थांबली म्हणजे कान बरा झाला असे नाही. काही पेशी गेलेल्याच असतात. सुरक्षारक्षक, पोलीस, माजी सैनिक, राखणीची बंदूक वापरणारे शेतकरी यांनी वर्षातून एकदा कानाची तपासणी करून घ्यावी. बार करताना कानात बोळे आणि वर मफ असे दोन्ही वापरणे उत्तम. कापसाच्या बोळ्याने फारसे काही होत नाही.

दुर्घटना घडलीच तर

नळी किंवा पुंगळी फुटली तर इजा बहुधा डाव्या हाताच्या बोटांना, कपाळाला आणि डोळ्यांना होते. हातातून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चुना, राख काहीही भरू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. डोळ्यात कण घुसला असेल तर चोळू नये, दाबू नये, कण ओढून काढू नये. वर कागदी पेल्यासारखे काही उपडे धरून, डोळ्याला स्पर्श न होता झाकावे. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये. प्रकरण पोलिसांत जाईल या भीतीने जखमी माणसाला घरी ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. हातात आणि डोळ्यात पहिले काही तासच निर्णायक असतात.

घरात परवान्याची बंदूक असेल तर काडतुसे मूळ खोक्यात, थंड, कोरड्या आणि कुलूपबंद जागी, खते आणि गोठ्यापासून दूर असावीत. हिरवे डाग पडलेले, भेगाळलेले, आंबट वासाचे किंवा कुठून आले ते माहीत नसलेले काडतूस वापरू नये, उघडू नये आणि जाळू किंवा पुरूही नये; जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. बार केल्यावर जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, त्या कपड्यांनी लहान मुलाला उचलू नये. बार फुसका गेला, नेहमीपेक्षा हलका आवाज आला, तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून थांबावे आणि नळी मोकळी आहे हे जाणकाराकडून तपासल्याशिवाय पुन्हा झाडू नये.

सोनाराच्या काट्यावर गुंजभर चूक झाली तर पैशांचे नुकसान होते आणि ते भरून काढता येते. काडतुसातली चूक गालापासून वीतभर अंतरावर उघडी पडते, आणि शिशाची तर वीस वर्षांनी. माप घेणारा काटा, तपासणारी नळी आणि जबाबदार धरता येईल असा खेपेचा क्रमांक जिथे नाही, तिथे काडतूस भरले जाऊ नये, एवढाच या सगळ्या शास्त्राचा सारांश आहे.